अंडी घालणाऱ्या कोंबडीस स्फुरद किती व कोठून?

ज्या घरी दहा-बारा कोंबड्या आहेत, त्या घरातील स्त्रीस अंड्याचे मोल वेगळे सांगावयास नको. शेताचा पैसा येतो तो बियाणे, खत, मजुरी आणि देणे ह्यांत निघून जातो. अंड्याचा पैसा मात्र बहुधा तिच्याच हाती राहतो, व त्यातून मुलांच्या वह्या, एखादे औषध, मीठ-मिरची हे सर्व येते. म्हणून कोंबडी मऊ कवचाची अंडी घालू लागली, किंवा काल धडधाकट दिसणारी कोंबडी आज सकाळी खुराड्यातून उठेनाशी झाली, म्हणजे ती हानी लहान नव्हे. हिंगोली जिल्ह्यात सेनगाव घ्या, औंढा नागनाथ घ्या, की कळमनुरी-वसमत घ्या, अशा वेळी शेजारीण एकच निदान करते: "आक्का, तिला चुना कमी पडतोय." हे सांगणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी आज आम्ही वाचकांशी बोलणार आहोत.

स्फुरद हा शब्द शेतकऱ्यास नवा नाही. नत्र, स्फुरद व पालाश ही त्रयी खताच्या प्रत्येक गोणीवर छापलेली असते, आणि डीएपीच्या गोणीवरील 18:46 ह्या आकड्यांतील दुसरा आकडा स्फुरदाचाच होय. आगपेटीच्या कडेस जो तांबूस पट्टा असतो त्यातही तो आहे. हा पदार्थ प्रथम 1669 साली जर्मनीतील हँबुर्ग शहरी हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने मूत्र आटवून काढला. त्यास हवे होते सोने, आणि हाती आला अंधारात चमकणारा स्फुरद. पुढे शंभर वर्षांनी स्वीडन देशातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हाच पदार्थ प्राण्यांच्या हाडांत भरलेला आहे. हाड म्हणजे मुख्यत्वे चुना व स्फुरद ह्यांचा संयोग. ही एक गोष्ट ध्यानात ठेविली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

आता अंड्याचा हिशेब पाहू. पंचावन्न ग्रॅम वजनाच्या अंड्यात कवच पाच-सहा ग्रॅम असते. ते जवळजवळ सर्व चुनखडीच आहे. त्यात शुद्ध चुना, ज्यास कॅल्शियम म्हणतात, तो दोन ग्रॅमहून अधिक असतो. कवचात स्फुरद नाहीच म्हटले तरी चालेल. आतील पिवळ्या बलकात मात्र तो आहे, परंतु तोही थोडा. एका ग्रॅमचे हजार भाग केले तर त्यांपैकी शंभर-सव्वाशे भाग, म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम, एवढाच. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की कवचाच्या कामी चुनाच हवा, स्फुरदाचा तेथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो रात्रीच्या कामात आहे.

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार होण्यास सुमारे एक दिवस आणि वर एक-दोन तास लागतात. त्यांतील वीस तास कवच चढविण्यातच जातात, व ह्या कामाचा मोठा भाग रात्री चालतो. रात्री कोंबडी खात नाही. संध्याकाळी पोटात राहिलेला शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा काही वेळ पुरतो; तो संपला की उत्तररात्री चुना आणावयाचा कोठून? विधात्याने ह्याची तजवीज करून ठेविली आहे. तलंग अंड्यावर येण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे तिच्या मांडीच्या व पायाच्या लांब हाडांतील पोकळीत एक नवीन, मऊ, जाळीदार हाड तयार होऊ लागते. हे हाड शरीर तोलण्यासाठी नसते. ती केवळ कणगी असते. दिवसा तिच्यात चुना भरावयाचा आणि रात्री कवचासाठी काढावयाचा. परंतु वर सांगितल्याप्रमाणे हाडात चुना एकटा राहत नाही, तो स्फुरदाशी जखडलेला असतो. रात्री कणगी फोडून चुना काढला की त्याबरोबर स्फुरदही रक्तात मोकळा होतो. कवचास त्याची गरज नसते, म्हणून त्याचा मोठा वाटा विष्ठेवाटे बाहेर टाकला जातो. दुसऱ्या दिवशी ती कणगी पुन्हा भरावयाची म्हटली तर चुना व स्फुरद दोन्ही नव्याने पाहिजेत. नुसता चुना कितीही दिला तरी स्फुरदावाचून त्याचे हाड बनत नाही.

कणगी रोज थोडी थोडी रिकामी राहू लागली म्हणजे कोंबडीचे शरीर मूळ हाडांस हात घालते, आणि ज्या हाडांवर ती उभी राहते तीच झिजू लागतात. छातीचे हाड वाकडे होते, पाय लुळे पडतात, भूक मंदावते, अंडी विरळ होतात. आणि शेवटी कोंबडी कुशीवर पडून राहते. पिंजऱ्यात ठेविलेल्या अंड्यांच्या कोंबड्यांत असा आजार 1955 साली अमेरिकेत प्रथम वर्णिला गेला. तेथे तो हजारांच्या संख्येने पाळलेल्या कोंबड्यांत दिसला. परंतु घरच्या पाच कोंबड्यांचा देह काही निराळ्या नियमांनी चालत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. स्फुरद चांगला, म्हणून जितका अधिक तितका बरा, असे नाही. रक्तात स्फुरद फार वाढला की हाडातून चुना सुटण्याचे काम अडखळते आणि त्यामुळेही कवच पातळ होते. म्हणजे उणीव झाली तर कोंबडी बसते आणि अतिरेक झाला तर अंडे बिघडते. आमच्या पाहण्यात असे लोक आहेत की जे डब्यातील औषधी भुकटी मूठ-मूठ टाकतात आणि अंडी सुधारली नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी दोन मुठी टाकतात. ह्यात पैसाही जातो आणि अंडेही.

तर मग किती द्यावा? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 साली कोंबड्यांच्या आहाराचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात दररोज शंभर ग्रॅम दाणा खाणाऱ्या अंड्यावरील पांढऱ्या कोंबडीस 250 मिलिग्रॅम पचण्याजोगा स्फुरद व सव्वातीन ग्रॅम कॅल्शियम लागते असे धरले आहे. जवळजवळ रोज अंडे देणाऱ्या संकरित कोंबड्या विकणारे लोक आपल्या पुस्तिकांत ह्याहून बरेच अधिक सांगतात. सावधगिरीसाठी ते तसे करितात. घरच्या कोंबडीस 250 हा आकडा पुरेसा समजावा. ह्यात "पचण्याजोगा" हा शब्द वाचकांनी अधोरेखित करावा, कारण सर्व घोटाळा तेथेच आहे.

ज्वारीच्या एका किलोत सुमारे 3 ग्रॅम स्फुरद असतो. दहा कोंबड्यांनी एका दिवसात एक किलो ज्वारी खाल्ली तर प्रत्येकीच्या वाट्यास 300 मिलिग्रॅम आला. हिशेब पुरा झाला असे वाटते. परंतु धान्य, कडधान्य व पेंडी ह्यांतील स्फुरदाचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या रूपात कुलूपबंद असतो. बी उगवताना कोंबाच्या उपयोगी पडावा म्हणून झाडाने तो असा साठवून ठेविलेला असतो. गाई-म्हशींच्या पोटात असे सूक्ष्म जीव आहेत की जे हे कुलूप उघडितात, म्हणून त्यांस तो मिळतो. कोंबडीच्या पोटात ती किल्ली फार अपुरी आहे. तेव्हा 300 पैकी तिच्या अंगी लागतो तो केवळ शंभराच्या आसपास. राहिलेला आला तसा विष्ठेतून जातो. पाहिजेत 250, मिळाले 100. ज्वारीत पाचवा हिस्सा सोयाबीनची पेंड मिसळली तरी हा आकडा एकशेवीसच्या पुढे फारसा जात नाही, कारण पेंडीतील स्फुरदही बहुतांशी कुलुपातच असतो. पेंडीने प्रथिन मिळते, व ते पाहिजेच आहे. परंतु स्फुरदाचा प्रश्न तिने सुटत नाही. (कच्चे सोयाबीन मात्र कोंबडीस कधी घालू नये. त्यात पचन बिघडविणारे द्रव्य असते. ते भाजल्यावाचून जात नाही.)

परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 साली परभणी शक्ती नावाचे ज्वारीचे वाण दिले. माणसांस लोह व जस्त अधिक मिळावे ह्या हेतूने ते काढलेले आहे, आणि त्यात फायटेट कमी असल्याचेही सांगण्यात आले आहे. ज्यांच्या शेतात ते आहे त्यांनी आधी आपल्या मुलांस त्याची भाकरी द्यावी. कोंबडीचा विचार मागाहून.

येथे कोणी विचारील, "आमच्या आजीच्या कोंबड्यांस कोणी स्फुरद तोलून घातला होता? त्या तर उकिरड्यावर चरूनच अंडी देत." प्रश्न रास्त आहे. गावठी कोंबडी वर्षास पन्नास-साठ अंडी देते, तीही दहा-बारा घालून खुडूक बसते, आणि त्या विश्रांतीत तिची कणगी पुन्हा भरते. शिवाय ती दिवसभर किडे, वाळवी, गांडुळे वेचते. ह्या जिवांतील स्फुरदास कुलूप नसते. थोडी मिळकत आणि थोडा खर्च, असे ते घर चालते. परंतु आता अनेक घरी सरकारी योजनांतून किंवा विकत आणलेल्या सुधारित जातींच्या कोंबड्या आल्या आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा व ग्रामप्रिया ही नावे आपल्याकडे परिचित आहेत. ह्या जाती परसात राहण्यासाठीच काढलेल्या आहेत हे खरे. तथापि गावठी कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देणाऱ्या पक्ष्यास गावठी कोंबडीचाच चारा पुरेल, ही अपेक्षा अन्यायाची आहे. इथिओपिया देशात खेड्यांतील मोकळ्या कोंबड्यांच्या गळ्याखालील चाऱ्याची पिशवी तपासून पाहण्यात आली, तेव्हा प्रथिन, चुना आणि स्फुरद हे तिन्ही अंड्यांच्या मानाने अपुरे आढळले, आणि ही उणीव ऋतूप्रमाणे बदलते असेही दिसून आले. आपल्याकडेही मृगापासून दिवाळीपर्यंत आखाड्याभोवती किड्यांस तोटा नसतो. सोयाबीन निघून रान मोकळे झाले, काळी जमीन भेगाळली, की पौषापासून ज्येष्ठापर्यंत परसात वेचण्यास काय उरते? जुनी पाने आणि धूळ.

आमच्या भागापुरते आणखी एक मत येथे नमूद करितो. ह्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे जागोजागी असतात, आणि मोकळी कोंबडी ते टिपून खाते. तेव्हा मोकळ्या कोंबडीस निदान थोडा चुना तरी जमिनीतून मिळतो. स्फुरद तसा मिळत नाही, कारण ह्याच चुनखडीच्या जमिनीत स्फुरद घट्ट बांधला जातो, हे पिकांस खत घालणाऱ्यांस ठाऊक आहे. यास्तव "चुना कमी पडतोय" हे निदान येथे इतरांपेक्षा अधिक तपासून घ्यावे.

परंतु पातळ कवच दिसले की लगेच स्फुरदावर दोष टाकावा, असेही नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, तिच्या रक्तातील कवच बनविणारा अंश श्वासावाटे जातो, आणि त्यात ती खातेही कमी. अशी अंडी पातळ असली तर औषधापेक्षा सावली, गार पाणी आणि पहाटे व सायंकाळी दाणा हाच उपाय. म्हाताऱ्या कोंबडीचे अंडे मोठे होत जाते व कवच तेवढेच राहते, म्हणून ते पातळ लागते. त्यास उपाय नाही. मानमोडी, ज्यास राणीखेत म्हणतात, त्या रोगातून वाचलेल्या कोंबड्या कित्येक दिवस वेडीवाकडी, मऊ अंडी घालतात. तेथे लसच कामाची, आणि तीही रोग येण्यापूर्वी. एकाच कोंबडीचे एखादे अंडे बिनकवचाचे निघाले तर काळजी करू नये. पुष्कळ कोंबड्यांची अंडी पातळ होऊ लागली, त्यांची भूक मंदावली आणि एखाद-दुसरी पायांवर उभी राहीनाशी झाली, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली व ऋतू उन्हाळ्याचा नसला, तर दाण्यातील स्फुरदाचा संशय घ्यावा.

आता देण्याविषयी. पशुखाद्याच्या दुकानात डायकॅल्शियम फॉस्फेट, ज्यास दुकानदार डीसीपी म्हणतात, ही पांढरी भुकटी मिळते. तिच्या शंभर भागांत सुमारे अठरा भाग स्फुरद व बावीस-तेवीस भाग कॅल्शियम असते. एका किलो दाण्यास दहा ग्रॅम डीसीपी मिसळली तर दहा कोंबड्यांपैकी प्रत्येकीस 180 मिलिग्रॅम स्फुरद मिळाला. त्यातील सर्वच अंगी लागतो असे नाही. तरी ज्वारीतून येणाऱ्या शंभरात तो मिळविला म्हणजे हिशेब जवळजवळ जुळतो. ज्या कोंबड्या कोंडून ठेविलेल्या आहेत व सर्वस्वी आपल्या दाण्यावर आहेत, त्यांच्यासाठी हे प्रमाण आहे. दिवसभर बाहेर हिंडून संध्याकाळी मूठभर दाणा खाणाऱ्या दहा कोंबड्यांस ह्याच्या निम्मे, म्हणजे पाच ग्रॅम, पुरे. एका महिन्यास दहा कोंबड्यांमागे दीडशे ते तीनशे ग्रॅम भुकटी, एवढाच हा व्याप आहे.

दहा ग्रॅम कसे मोजावेत? दुकानातच एकदा बारीक काट्यावर तोलून घ्यावेत व घरच्या लहान चमच्यात ते किती भरतात हे पाहून ठेवावे. अख्ख्या ज्वारीवर भुकटी टाकली तर ती खाली बसते आणि कोंबडी वरचे दाणे उचलून निघून जाते. म्हणून ज्वारीची भरड करावी, भुकटी आधी मूठभर भरडीत कालवावी, मग ती मूठ सर्व भरडीत मिसळावी व पाण्याचा हलका हात द्यावा. खनिज द्रव्य थोडे असते. ते सर्वांस सारखे पोहोचणे हेच महत्त्वाचे.

भुकटी घेताना पिशवीवर पशुखाद्यासाठी असे लिहिलेले आहे की नाही हे पाहावे. सुटी भुकटी घेणे आम्हांस पसंत नाही, कारण तीत चुनखडीची भेसळ करणे फार सोपे आहे. घरी एक परीक्षा करिता येते. चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस पिळावा. ती जोराने फसफसली तर तीत चुनखडी मिसळली आहे असे समजावे. शुद्ध डीसीपी तशी फसफसत नाही. आणि जर तुम्ही कारखान्याचे तयार अंड्याचे खाद्य विकत आणीत असाल, तर त्यात स्फुरद आधीच घातलेला असतो. त्यावर आणखी भुकटी घालू नये. अशा खाद्यात अलीकडे फायटेज नावाचे द्रव्यही असते. ते वर सांगितलेल्या कुलुपाची किल्लीच होय. नेदरलंड्ससारख्या देशांत कोंबड्या-डुकरांच्या विष्ठेतून जमिनीत व पाण्यात जाणाऱ्या स्फुरदावर निर्बंध आले, तेव्हा 1991 साली ते युरोपात विक्रीस आले. त्यामुळे धान्यातीलच स्फुरद उपयोगी पडतो व बाहेरून कमी घालावा लागतो.

चुना ह्या भुकटीतून पुरेसा मिळत नाही. तो निराळा द्यावा. शिंपल्याचे किंवा संगमरवराचे बारीक तुकडे एका वेगळ्या मडक्याच्या खापरात ठेवावेत. कोंबडी आपल्या गरजेप्रमाणे, आणि विशेषतः तिसऱ्या प्रहरानंतर, ते खाते. अंड्यावरील कोंबडीस दिवसाकाठी सात-आठ ग्रॅम लागतात. तुकडे जाडसर असावेत. पीठ केलेला चुना लवकर निघून जातो, जाडसर तुकडे पोटाच्या पेटीत राहून रात्री हळूहळू विरघळतात. घरातील अंड्यांची टरफले भाजून, कुटून दिली तरी तेच काम होते. मात्र पानात खाण्याचा किंवा भिंतीस लावण्याचा चुना देऊ नये. तो दाहक आहे.

दोन गोष्टींविषयी आम्ही विशेष बजावून सांगतो. पहिली: शेतात घालावयाचे सुपर फॉस्फेट किंवा डीएपी, त्यात स्फुरद आहे म्हणून, कोंबडीच्या दाण्यात कधीही घालू नये. खनिज खडकापासून बनविलेल्या खतात फ्लोरीन नावाचे विषारी द्रव्य राहते, आणि डीएपीत अमोनिया असतो. पशुखाद्याची भुकटी करिताना हे दोष काढून टाकतात. खताच्या वेळी तशी काळजी कोणी घेत नाही. दुसरी: माळावर पडलेली गुरांची हाडे गोळा करून घरी कुटू नयेत. हाडात स्फुरद भरपूर आहे हे खरे, व पूर्वी वाफेने शिजवून निर्जंतुक केलेली हाडांची भुकटी कोंबड्यांस देत असत. परंतु ते जनावर कशाने मेले हे कोणास ठाऊक? काळपुळीने मेलेल्या गुरांच्या अवशेषांत त्या रोगाचे बीज वर्षानुवर्षे जिवंत राहते. धोका कोंबडीस तितका नाही. कुटणाऱ्या बाईस आणि तिच्याजवळ खेळणाऱ्या लेकरास आहे.

हाडांवरून आठवले म्हणून सांगतो. गाय हाड किंवा चिंधी चघळताना दिसते, तेव्हा लोक तिला खोडकर म्हणून हाकलतात. दक्षिण आफ्रिकेत सर अर्नोल्ड थायलर ह्यांनी 1920 च्या सुमारास दाखविले की तेथील जमिनीत व गवतात स्फुरद नाही म्हणून गुरे सडलेली हाडे चघळतात आणि त्यांतील विषाने लुळी पडून मरतात. गाईस धान्यातील कुलूप उघडता येते; पण गवतातच स्फुरद नसेल तर ती तरी काय करील?

घरगुती साधनांत सुकट सर्वांत चांगली. तीत बारीक काटे असतात व त्यांतील स्फुरद कोंबडीस सहज पचतो. सुकटीत दोन टक्के स्फुरद धरला तर पाच ग्रॅम सुकटीने एका कोंबडीस शंभर मिलिग्रॅम मिळाला. बाजारची सुकट खारट असते; ती धुऊन, वाळवून, कुटून द्यावी. तिचा भाव पाहता रोज देणे बहुतेकांस परवडणार नाही, परंतु मासळी निवडल्यावर उरणारी डोकी व चुरा टाकून देऊ नये. ओलसर शेणाचा ढीग एका कोपऱ्यात गोणपाटाने झाकून ठेविला तर उन्हाळ्यातही त्यात थोडी गांडुळे व किडे सापडतात.

गव्हाच्या कोंड्याचाही उपयोग आहे. त्यात स्फुरद पुष्कळ, आणि विशेष म्हणजे फायटेट उघडणारी किल्लीही त्यातच असते. कोंडा ज्वारीच्या भरडीत दहास एक ह्या प्रमाणाने मिसळून कोमट पाण्यात तीन-चार तास भिजत ठेवावा. पाणी कढत नसावे, नाही तर ती किल्ली मरते. भिजविलेले त्याच दिवशी संपवावे. आंबून बुरशी आली की ते विष झाले. ज्वारीला मोड आणून देण्याची युक्ती मात्र कोणी सांगितली तरी ऐकू नये. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे आपण सर्व जाणतो. मोडांतही तेच विष असते. अझोल्याविषयी हल्ली फार ऐकू येते. ते चांगले हिरवे खाद्य आहे, परंतु शंभर ग्रॅम ओल्या अझोल्यात नव्वदाहून अधिक ग्रॅम पाणीच असते. त्यावर स्फुरदाची भिस्त ठेवू नये.

लहान पिल्लांचा हिशेब निराळा आहे. त्यांचे हाड रोज वाढते, म्हणून वर सांगितलेल्या 1994 च्याच कोष्टकात पहिल्या सहा आठवड्यांत शंभर भाग दाण्यास पचणारा स्फुरद 0.40 भाग आणि चुना 0.90 भाग धरला आहे. म्हणजे स्फुरद अंड्यावरील कोंबडीहून अधिक आणि चुना तिच्याहून फारच कमी. पिल्लांच्या दाण्यात शिंपल्याचा चुरा मिसळला तर त्यांचे मूत्रपिंड बिघडते. म्हणून शिंपल्याचे खापर थोडे उंचावर, मोठ्या कोंबडीचीच चोच पोहोचेल असे, ठेवावे. तलंगेची तुरी लाल होऊ लागली की तिला त्याच्याजवळ जाऊ द्यावे.

कोंबडीने न पचविलेला स्फुरद खुराड्याखाली साचतो. आपल्या देशास लागणाऱ्या फॉस्फेट खडकाचा मोठा भाग परदेशातून येतो. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे मोठी खाण आहे, तरी ती पुरत नाही. तेव्हा विष्ठा वाया घालविणे बरे नव्हे. खुराड्यात ज्वारीचा भुसा किंवा सोयाबीनचे कुटार अंथरावे व आठ-पंधरा दिवसांनी सर्व उचलून शेणखताच्या खड्ड्यात थरांनी घालावे. ताजी विष्ठा हळदीच्या किंवा भाजीच्या मुळाशी टाकू नये. तिच्या उष्णतेने रोप करपते. दोन-तीन महिने कुजल्यावर मग ती वाफ्यात पसरावी.